पायउतार

१

घोडीचे केस गजाला चालत नाहीत. घोडीची शेपटी तिच्याच मुताने भिजते, केस पिवळे पडतात आणि चार मैफिली झाल्या नाहीत तोच तुटायला लागतात. ही गोष्ट गजवाल्या बाईंना त्यांच्या सासऱ्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. पुढे सासरे गेले, नवरा गेला, व्हायोलिनच्या गजांना केस चढवायचं काम बाईंच्या एकटीच्या हातात आलं, तरी हा नेम त्यांनी मोडला नाही. केसांचे व्यापारी लबाड. घोड्याच्या जुडीत घोडीचे केस बेमालूम मिसळून आणायचे. बाई चिमूटभर केस ओठांवरून फिरवायच्या आणि म्हणायच्या, "सासूला सासरा म्हणून खपवताय होय?" व्यापारी मुकाट्याने जुडी पिशवीत टाकायचा.

दुकान म्हणजे घराचीच खालची खोली. रस्त्याकडे दार, उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीखाली टेबल. टेबलावर फणी, बारीक दोरा, राळेचे खडे आणि केस गजाच्या टोकात अडकवायच्या नखाएवढ्या लाकडी पाचरा. सकाळी बाई केस ओले करून विंचरायच्या, टोक दोऱ्याने करकचून बांधायच्या, पाचर ठोकायच्या आणि गज सुकायला टांगायच्या. जेवणं झाली की दाराला कडी लावून वर जायच्या. वर त्यांची लेक होती. चांगली विशीतली पोर, पण लहानपणी पडलेलं ठकू हे नाव काही सुटलं नव्हतं.

दुकानाच्या दारामागे मात्र, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार नाही अशा खिळ्यावर, केसांची एक बट टांगलेली होती. लांबसडक, दुधासारखी पांढरी, एका गजाला पुरेल एवढी. आणि ती घोडीचीच होती.

घोडीचं नाव साय. गावाबाहेरच्या घोडेस्वारीच्या शाळेत ती होती आणि ठकू तिच्या पाठीवरच वाढली म्हणायला हरकत नाही. रोज तिची शेपटी धुवायची, पुसायची आणि वेणी घालूनच तिच्यावर बसायची. म्हणून तर घोडी असून केस एवढे स्वच्छ. गेल्या वर्षी अडथळ्यावरून उडी घेताना साय पडली. तिचा पुढचा पाय मोडला आणि तिला तिथेच संपवावं लागलं. ठकूला बेशुद्ध अवस्थेत खोगिरावरून ओढून काढलं. शाळेचा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा म्हातारा, सगळे त्याला मामा म्हणत, तो दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ही बट घेऊन आला. "टाकवेना," एवढंच म्हणाला.

बाईंनाही टाकवली नाही आणि वापरवलीही नाही. ठकूला त्यांनी सांगितलं होतं की साय बरी झाली, लांबच्या एका कुरणात सोडलीय, मजेत चरतेय.

तर एका दुपारी बाई डुलकी काढून खाली आल्या, कडी काढायला दाराशी गेल्या आणि हात तसाच राहिला. खिळ्यावरच्या बटेची वेणी घातलेली होती.

२

चौपेडी वेणी. डावीकडून सुरू केलेली, प्रत्येक पेड वरून नव्हे तर खालून घेतलेला, आणि शेवटी रिबीन न बांधता केसांचाच फास. अशी वेणी बाई ठकूची घालत आणि ठकू सायची घालायची. तिसरं माणूस अशी घालत नव्हतं.

"मीच घातली असेन," बाई स्वतःशी म्हणाल्या. हाताला सवय लागली की हात डोक्याला विचारत नाहीत. एकदा नाही का त्यांनी चहात राळेचा खडा टाकला होता, साखर समजून! त्यांनी वेणी सोडली, केस विंचरून सरळ केले आणि कामाला बसल्या.

संध्याकाळी त्या ठकूचे केस विंचरायला वर गेल्या. वरची खोली छोटी, एक पलंग, पलंगाच्या पायथ्याशी कपड्यांची लोखंडी पेटी, एक खिडकी. लाकडी जिना थेट खोलीच्या दाराशी येतो. ठकू उशीला टेकून बसली होती. पाठ ताठ, मान ताठ, आणि पाय पांघरुणाखाली.

त्या पायांचं काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याने सगळ्या तपासण्या पुन्हा पुन्हा करवल्या. हाडं ठीक, मणका ठीक, शिरा ठीक. "उभी का राहत नाही ते मला सांगता येत नाही," तो म्हणाला होता, "पण राहायला हवी." पाय नुसते पडून राहिले असते तर बाई नशिबाला बोल लावून गप्प बसल्या असत्या. पण ते पडून नव्हते. ते फाकलेले होते. गुडघे लांब, पोटऱ्या आत वळलेल्या, टाचा खाली दाबलेल्या. बाई दोन्ही पाय उचलून जवळ आणायच्या, मध्ये उशी लावायच्या, पट्ट्याने बांधायच्या. थोड्या वेळाने बघावं तर पाय पुन्हा जागच्या जागी.

आणि पांघरूण. दोन गुडघ्यांच्या मध्ये ते खाली पडायला हवं, चादर मुळात कशासाठी पडते, तर खाली काही नसतं म्हणून. ते पडायचं नाही. मधल्या मध्ये फुगून राहायचं. बाईंनी एकदा हात घालून पाहिला. हाताला काहीच लागलं नाही. ऊब मात्र लागली, चुलीजवळच्या भिंतीला असते तशी.

"कुरणातून काही निरोप?" ठकूने विचारलं.

"येईल की. बरी असेल ती."

"बरीच आहे," ठकू म्हणाली आणि खिडकीबाहेर बघून हसली.

वर्षभरात ती अशी हसली नव्हती. बाईंना वेणीचं विचारायचं होतं, पण ते हसणं बघून त्यांनी फणी उचलली.

३

मग रोजचंच झालं. दुपारी बट सरळ, डुलकीनंतर वेणी.

बाई काही घाबरट नव्हत्या. त्यांनी शहाण्या माणसासारखा एकेक संशय घेतला आणि एकेक निकालात काढला. दाराला कडी होती. खिडकीला गज होते. झोपेत चालत असेन म्हणून त्यांनी आपल्या पायाला दोरा बांधून त्याचं टोक ठकूच्या पलंगाला बांधलं. उठल्या तेव्हा दोरा शाबूत आणि खाली वेणी तयार. उंदीर? उंदीर कुरतडतात, वेण्या घालत नाहीत. एवढे हुशार उंदीर असते तर बाईंनी त्यांना कामालाच ठेवलं असतं.

राहता राहिला आवाज. दुपारी ठकू झोपली की तिचा पलंग कुरकुरायचा. आधी सावकाश, एका लयीत, मग जरा जलद. बाईंनी पलंगाच्या सांध्यांत तेल घातलं. दुसऱ्या दिवशी कुरकुर गेली, पण लय गेली नाही. नुसतीच ऐकू यायची, पलंगातूनही नाही आणि जमिनीतूनही नाही, डबडब, डबडब. त्या लयीत बाईंचे डोळे जड व्हायचे. बाहेर रस्ता उन्हात सुस्तावलेला, खिडकीचा पडदा आत येतोय, बाहेर जातोय, आणि कुठूनतरी कापलेल्या गवताचा वास. असं वाटायचं की ही दुपार अशीच लांबत जावी. भीती जागेपणी वाटायची. त्या वेळी नाही.

खरी भीती वेगळीच होती. ठकूला जाग यायला उशीर लागत होता. पूर्वी चहाचा कप वाजला की उठायची. मग हाक मारावी लागू लागली. मग खांदा हलवावा लागू लागला. डोळे उघडले तरी थोडा वेळ ती बाईंकडे अशी बघायची की जणू खूप उंचावरून बघतेय.

"कुठे गेली होतीस गं एवढी?" बाई थट्टेने विचारायच्या.

"लांब."

"आणि परत कशी येतेस?"

"मी कुठे येते? ती आणते," ठकू म्हणायची आणि चहाला हात पुढे करायची. गाल लाल झालेले असायचे. एकदा तिच्या भुवईत गवताचं बी अडकलेलं होतं. बाईंनी ते नखाने काढलं आणि पदराला बांधून ठेवलं, कशासाठी ते त्यांनाही माहीत नाही.

४

मामा अधूनमधून ठकूला बघायला यायचा. या खेपेला आला तो गाजरं घेऊन. "माणसंही खातात म्हणतात," असं म्हणत त्याने ती पलंगावर ठेवली. ठकू खूश झाली. दोघांच्या गप्पा सुरू झाल्या, आणि बाई दाराला टेकून ऐकत बसल्या.

"आणि ते तांबडं शिंगरू गच्चीवर गेलं होतं ते आठवतं?" ठकू म्हणाली.

"आठवतं म्हणजे? ते खाली आणताना माझी कंबर गेली ती गेलीच." मामा बाईंकडे वळला. "घोडं जिना चढतं, बाई. खुशाल चढतं. पण उतरत नाही. खाली बघितलं की त्याचं काळीज पाणी होतं. शेवटी क्रेन आणली."

"आणि मी ओढ्याशी उतरले होते ते?"

"तेव्हा ही एवढीशी होती," मामाने हात गुडघ्याजवळ धरला. "शाळेत पहिला धडा काय? जिथे चढलात तिथेच उतरायचं. चढायचा ओटा आहे ना आमचा, तिथेच. ही बया मधेच उतरली ओढ्याच्या काठी, आणि वाट चुकली. शेवटी साय पुढे आणि ही तिच्या शेपटीची वेणी धरून मागे, अशी वरात रडत घरी आली. घोडं घर चुकत नाही. माणूस चुकतं."

ठकू हसता हसता मागे रेलली. पांघरूण थोडं सरकलं. मामाची नजर तिच्या पायांवर गेली आणि त्याचं हसू मावळलं. तो बराच वेळ बघत राहिला, कारागीर दुसऱ्याचं काम बघतो तसा. मग उठून जिन्यात आला. बाईही मागोमाग आल्या.

"बाई, रागावू नका. मला काय कळतंय, मी अडाणी माणूस."

"बोला तर खरं."

"त्या दिवशी हिला उचलून नेली. ही आपली आपण उतरली नाही." मामाने आवाज खाली आणला. "ती बैठक बघा ना तिची. टाचा बघा. ही अजून उतरलेलीच नाही."

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि काटा आला म्हणून त्यांना राग आला. "भलतंसलतं बोलू नका मामा. पोर कधी पायावर उभी राहील म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेय आणि तुम्ही मला गोष्टी सांगताय!"

मामा जिना उतरला. दारामागे त्याला वेणी दिसली असावी, कारण तो क्षणभर थांबला. मग चपला घालून निघून गेला.

५

राग माणसाकडून कामं करून घेतो. दुसऱ्याच दिवशी व्हायोलिनचे मास्तर आपला गज घेऊन आले. मोठा कार्यक्रम होता, उत्तम केस हवे होते. व्यापाऱ्याने दिलेला माल बाईंच्या मनाला येईना. त्यांची नजर दारामागे गेली.

त्या बटेला घरातून घालवायचं, एवढंच तेव्हा त्यांच्या डोक्यात होतं. गज मास्तरांबरोबर गावोगाव जाईल, वेणी जाईल, दुपारची लय जाईल आणि ठकू चहाच्या कपाला पुन्हा उठायला लागेल. बाईंनी वेणी सोडली, केस भिजवले, विंचरले, बांधले, पाचर ठोकली. आयुष्यात पहिल्यांदा घोडीचे केस गजाला चढवले.  सासऱ्यांचा फोटो समोर नव्हता हे बरं.

मास्तर जेवणानंतर गज न्यायला आले. ठकू वर नुकतीच झोपली होती. मास्तरांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं, केसांना राळ लावली आणि एक लांब सूर ओढला.

वर, तेल घातलेला पलंग पुन्हा कुरकुरला.

"वा!" मास्तर म्हणाले. त्यांनी सूर परत ओढला, मग एक संथ चाल घेतली. वर चाल सुरू झाली. त्यांनी लय वाढवली, वरची लय वाढली. खिडकीची काच थरथरायला लागली, पाचरा टेबलावर नाचू लागल्या. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. त्यांना ऐकू येत नव्हतं की त्यांना वाटत होतं हे सगळं तेच करताहेत, कोण जाणे.

"मास्तर, थांबा!" बाई म्हणाल्या, पण मास्तर आता कोणाचे होते? बाई जिन्याकडे धावल्या.

खोलीत वारा होता. खिडकी बंद होती आणि वारा होता. ठकू उशीवरून उठून बसली होती, डोळे मिटलेले, अंग पुढे झुकलेलं. आदल्या संध्याकाळी घातलेली वेणी सुटून केस मागे उडत होते. मुठी पोटाजवळ आवळलेल्या. पलंग जागच्या जागी होता, आणि तरी तो खूप वेगाने कुठेतरी चालला होता. ठकूच्या तोंडावर जे काही होतं त्याला आनंद याशिवाय दुसरा शब्द नाही. बाईंनी आपल्या लेकीला इतकं दूर गेलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी तिचे खांदे धरले, हलवले, हाका मारल्या. खालून गज आणखी जोरात फिरला. तेव्हा त्यांच्या तोंडून तेच निघालं जे मामाने त्यांच्या मनात टाकून ठेवलं होतं.

"ठकू! उतर! उतर आधी खाली!"

लहानपणापासून आईच्या त्या आवाजापुढे ठकूचं काही चालत नसे. तिच्या कपाळाला आठी पडली. वारा मंदावला. आणि वर्षभर बैठक न सोडलेला तिचा उजवा पाय पांघरुणाखालून उचलला गेला, कशावरून तरी ओलांडून आला, आणि डाव्या पायाशेजारी अलगद टेकला. मधलं पांघरूण हळूहळू खाली बसलं आणि सपाट झालं.

बाई रडल्या. त्यांनी ते पाय छातीशी धरले. साधे, मऊ, जवळजवळ ठेवलेले पाय. खाली व्हायोलिन थांबलं होतं.

"बाई, गजात जीव ओतलात तुम्ही!" मास्तर जिन्यातून ओरडले आणि गज घेऊन गेले.

ठकू मात्र उठली नाही. चहाचा कप वाजवला, हाक मारली, खांदा हलवला, तोंडावर पाणी मारलं. ती आडवी झाली होती आणि शांत झोपली होती, उठत तेवढी नव्हती.

६

दवाखान्यात तिला बरेच दिवस ठेवलं. डॉक्टरने पुन्हा सगळं तपासलं. श्वास ठीक, नाडी ठीक, पाय तर आता अगदी ठीक. "वाट बघू या," तो म्हणाला, आणि बाईंच्या डोळ्याला डोळा न देता कागद चाळत राहिला. शेवटी घरी आणली.

बाई शाळेत गेल्या. मामा तबेल्यात खरारा करत होता. बाईंनी घडलं ते सांगितलं. राग कुठल्या कुठे पळाला होता, आता नुसती लाज आणि भीती होती.

मामाने खरारा खाली ठेवला. "उतरवलीत," तो म्हणाला. "पण कुठे उतरवलीत?"

बाईंना आधी समजलं नाही. मग समजलं, आणि त्या तिथेच गवताच्या पेंढीवर बसल्या. रोज साय तिला घेऊन जात होती, पण रोज आणूनही सोडत होती. आईने हाक मारून पोरीला मधेच उतरवलं होतं. वाटेचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, अशा ठिकाणी, एकटीला, अनवाणी.

"आता?"

"मला नाही माहीत हो बाई. खरंच नाही." मामा समोरच्या घोड्याच्या मानेवर हात फिरवत होता. "तिला धरायला काहीतरी हवं. नाहीतर ती बसेल तिथेच रडत."

बाई तडक मास्तरांकडे गेल्या. मास्तर रियाज करत होते. गज आता नुसता गज होता, चांगला वाजत होता, बस.

"मास्तर, तो गज परत द्या. दुसरे केस घालून देते."

"अहो, का? याच्यासारखा गज..."

"घोडीचे आहेत ते केस," बाई म्हणाल्या.

अशी कबुली त्या धंद्यात कोणी दिलेली नाही. मास्तरांनी गज पुढे केला. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की गजवाल्या बाई घोडीचे केस घालतात, आणि गिऱ्हाइकं पातळ झाली. बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

घरी येऊन त्यांनी पाचर काढली, केस मोकळे केले, धुतले. मग पलंगाच्या कडेला बसून त्यांची वेणी घातली. चौपेडी, डावीकडून, खालून पेड घेत. घालता घालता बोलत राहिल्या.

"ठकू, साय गेली गं. त्याच दिवशी गेली. मी खोटं बोलले तुझ्याशी. कुरण नाही, काही नाही. मला वाटलं, तू दोन दुःखं एकदम कशी पेलशील. आणि मग मी तिलाच भ्यायले. ती तुला नेते म्हणून भ्यायले. ती आणत होती हे मी बघितलंच नाही." त्यांनी केसांचा फास ओढला. "ही घे वेणी. धर आणि तिच्या मागून ये. मी आता काही बोलणार नाही."

त्यांनी वेणीचं टोक ठकूच्या तळहातात ठेवलं आणि तिची बोटं त्यावर मिटली. सोडल्याबरोबर बोटं पुन्हा उघडली. बाईंनी परत मिटली.

७

आता त्यांचा दिवस वेगळा झाला. सकाळी असेल ते काम. दुपारी दाराला कडी लावायची नाही, दार सताड उघडं ठेवायचं आणि उंबऱ्याबाहेर पाण्याची भरलेली बादली. शेजारीण म्हणाली, "कुत्री पितील हो." बाई म्हणाल्या, "पिऊ देत."

संध्याकाळी ठकूचे पाय धुवायचे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय कितीसे मळणार? पहिले काही दिवस पाणी स्वच्छच निघालं. मग एका संध्याकाळी ते किंचित गढूळ झालं. बाईंनी दिवा जवळ आणला. टाचांच्या भेगांत बारीक पांढरी धूळ होती. इथली माती काळी.

दुसऱ्या दिवशी पायाला ओरखडे होते. पुढे एकदा बोटांच्या बेचक्यात शेवाळ सापडलं, ओढ्यातल्या दगडावर असतं तसं. एकदा टाच फुटून रक्त आलेलं होतं, बाईंनी हळद लावून पट्टी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी झिजून भोक पडलेलं. बाई कोणाला काही सांगत नव्हत्या. सांगायचं काय? पोर चालतेय, एवढंच. कुठे का असेना, चालतेय. ठकूची मूठ आता सोडली तरी पूर्ण उघडत नव्हती.

मग माती काळी झाली.

आणि आज, जेवणानंतर, बाईंनी सहज पांघरूण सारून पाहिलं तर दोन्ही तळव्यांना डांबर लागलेलं होतं. ओलं, चकचकीत. बाई खिडकीशी गेल्या. कोपऱ्यावर सकाळपासून रस्त्याचं काम चाललं होतं. कामगार सावलीत झोपले होते. नव्या काळ्या पट्ट्यावरून अनवाणी पावलांची एक रांग गल्लीत वळली होती. त्या पावलांच्या पुढे, डांबरात खोल रुतलेले, दुसरे ठसे होते. बाईंनी खिडकीचा पडदा सोडला आणि येऊन पलंगावर बसल्या, दाराकडे पाठ करून, लेकीचे पाय मांडीवर घेऊन.

गल्लीत कोणी बोलत नव्हतं. कोणाचा तरी रेडिओ लागला होता, तोही जणू झोपेत होता. मग खाली बादलीची कडी खणकन वाजली. आणि पाणी पिण्याचा आवाज, सावकाश, ओठांनी ओढून घेतल्यासारखा. बराच वेळ चालला. खूप लांबून आलेल्याला लागते तशी तहान होती.

कापलेल्या गवताचा वास जिन्यातून वर आला.

पहिली पायरी करकरली. त्या आवाजात पोरीचं वजन नव्हतं. बाईंना मामाचं बोलणं आठवलं, चढतं, खुशाल चढतं, पण उतरत नाही. खोलीच्या दाराला आतून बोल्ट होता. दोन पावलांवर दार. उठून लावायला कितीसा वेळ?

त्यांनी ठकूच्या हाताकडे पाहिलं. इतके दिवस चादरीवर नुसती पडून असलेली वेणी उचलली गेली होती. ठकूच्या मुठीतून निघून ती हवेत ताणली गेली होती, दाराच्या दिशेने, आणि तिचं दुसरं टोक जिथे असायला हवं होतं तिथे उजेड फार होता. मूठ घट्ट होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. दार लावलं असतं तर वेणी दारात सापडली असती.

दुसरी पायरी. तिसरी. जड, जपून टाकलेला एकेक खूर, आणि त्यांच्या मागून, थकलेल्या, ओळखीच्या पायांची फरफट. मानेवर ऊबदार श्वास आला. पाण्याचा एक थेंब बाईंच्या खांद्यावर पडला.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी लेकीचे पाय हळूच खाली ठेवले, पलंगाच्या पायथ्याची लोखंडी पेटी दोन्ही हातांनी भिंतीपर्यंत ढकलली, आणि पदराने जमीन पुसली.

"या गं," त्या म्हणाल्या. "दोघीही या. जागा आहे."